चार महिने योग केला, राग तसाच आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो बरोबर कळला की नाही ते तुम्हालाच ताडता येईल. वय ४२. गेले चार महिने आठवड्यातून पाच दिवस सकाळी तासभर योगाचा वर्ग. पाठीचं आखडणं गेलं, पुढे वाकलं की बोटं पावलांना लागतात. पण घरी मुलांवर आवाज चढायचा तो चढतोच, रात्री अंथरुणावर पडलं की डोक्यात विचारांचं दळण सुरू होतं, डोळे मिटून बसलं तर मन पाच श्वाससुद्धा टिकत नाही. मध्ये आजारपणात दहा दिवस बुडाले आणि मग ‘आपल्याच्याने हे व्हायचं नाही’ म्हणत आणखी दहा. माणूस आतून बदलायला नेमके किती दिवस लागतात आणि माझं कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं शिकवतेय. हा प्रश्न बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यातच येतो. पहिल्या महिन्यात नवलाई असते. दुसऱ्या-तिसऱ्यात शरीर इतकं भराभर सुटतं की माणूस हरखून जातो आणि मनही त्याच वेगाने सुटेल असा हिशेब मांडतो. मग शरीराचा वेग मंदावतो, मन तर हललेलंच दिसत नाही, आणि शंका सुरू होते. त्या हिशेबातच गडबड आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

शरीर जे पटकन सुटलं ते काय होतं? सुरुवातीच्या काही आठवड्यांत मांडीमागचे स्नायू फारसे लांब झालेले नसतात. तुमच्या मज्जासंस्थेने ताण सोसायला शिकून घेतलेलं असतं. आधी जिथे ती ‘बस, पुढे धोका आहे’ म्हणून स्नायू आवळून धरायची, तिथे रोज जाऊन, श्वास न रोखता थांबून, काही बिघडत नाही हे तिला पटलं आणि तिने दोरी थोडी सैल सोडली. ऊतींमधला खरा बदल याहून सावकाश होतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा स्नायूंपेक्षा कमी, त्यामुळे ते तर आणखी मागे असतात. म्हणजे पश्चिमोत्तानासनात, बसून पुढे वाकण्याच्या आसनात, तुम्ही जी कमाई केली ती मुळात नको असलेल्या संवेदनेपाशी न पळता, न झटता थांबण्याची कमाई आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण रागाच्या वेळी लागणारं कौशल्य हेच आहे.

मग ते तिकडे का चालत नाही? कारण तुम्ही ते सकाळी सहा वाजता, शांत खोलीत, सतरंजीवर, कोणीही उलट उत्तर देत नसताना शिकलात. शरीर जे ज्या परिस्थितीत शिकतं ते त्या परिस्थितीला बांधून ठेवतं. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस नदीच्या ओढीत गांगरतो, तसंच हे. सकाळचा तास आणि संध्याकाळचं घर यांच्यामध्ये तुम्ही पूलच बांधलेला नाही. आणि खरं सांगायचं तर यात तुमची चूक कमी, आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त. आम्ही शवासनातून उठवतो, हात जोडतो आणि थेट चपलांकडे पाठवतो.

दिवसाला सांधे असतात. झोप आणि जाग यांचा सांधा, घर आणि रस्ता यांचा, एक काम संपून दुसरं हातात घेतानाचा, बाहेरून परत येतानाचा, दिवा मालवतानाचा. जुन्या लोकांनी उपासनेसाठी संधिकाल का निवडले असतील यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यातलं धार्मिक अंग बाजूला ठेवलं तरी एक व्यवहाराची गोष्ट उरते: सांध्यावर माणूस एका अवस्थेतून दुसरीत जात असतो, आणि आधीच्या ठिकाणचं ओझं तिथेच उतरवता येतं. उतरवलं नाही तर ते पुढच्या माणसाच्या डोक्यावर आदळतं. तुमचा राग मुलांमुळे येतो असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तो आधीच तयार होऊन घरी पोहोचलेला असतो, मुलं फक्त समोर असतात.

म्हणून पहिलं काम. सगळे सांधे एकदम धरू नका, एकच निवडा. तुमच्यासाठी बाहेरून घरी येण्याचा. दाराशी पोहोचलात, किल्ली हातात आहे किंवा बेलकडे बोट गेलंय, तिथे थांबायचं. दोन्ही पावलांवर वजन सारखं आहे का ते बघायचं. दातांवर दात आवळलेले असतील तर जबडा सोडायचा. मग तीन श्वास: मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकानेच. तिसरा श्वास पूर्ण बाहेर गेला की दार उघडायचं. संपलं. अर्धं मिनिट.

रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांब का, तेही सांगते, कारण कारण कळलं की माणूस गोष्ट टाळत नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हा सगळ्यांचाच शरीरधर्म आहे, नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घेतलात तर बऱ्याच जणांना स्वतःलाच जाणवतो. सोडण्याचा काळ लांबवला की शरीराला शांत करणारी बाजू, म्हणजे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाला आवर घालणारी यंत्रणा, जास्त वेळ काम करते. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. चार-सहाच्या मोजणीने तुम्ही तो वेग सहावर आणता. रागाला ‘शांत हो’ म्हणून तो ऐकत नाही, हृदयाचा ठोका मात्र श्वासाचं ऐकतो. हठयोगाच्या परंपरेत ‘चले वाते चलं चित्तम्’ म्हणतात, वारा हलला की चित्त हलतं. त्यातली वाऱ्याची बाजू आपल्या हातातली आहे, म्हणून तिथून शिरायचं.

हे इतकं किरकोळ वाटतं की लोक करत नाहीत. तासाभराची आसनं करतील, अर्ध्या मिनिटाचं थांबणं करणार नाहीत. माझ्या वर्गात एक गृहस्थ होते, शीर्षासनात पाच मिनिटं सहज राहायचे आणि लिफ्ट यायला उशीर झाला की तिच्या बटणावर चार-चारदा बोट आपटायचे. मी त्यांना सांगितलं, महिनाभर शीर्षासन बंद, लिफ्टसमोर उभं राहायचं आसन करा. आधी हसले. नंतर म्हणाले, हे त्याहून अवघड आहे.

सजगतेचे जे आधुनिक अभ्यासक्रम निघाले त्यांनाही ही गोष्ट उमगलेली दिसते. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी ताण आणि जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात हठयोग आहे, बसून ध्यान आहे, आणि त्याबरोबर चालताना, दात घासताना, भांडी विसळताना लक्ष तिथेच ठेवण्याचा सराव आहे. हा दुसरा भाग शोभेपुरता नाही. आपल्याकडे बहुतेक वर्गांतून नेमका तोच गळतो.

आता बदल ओळखायचा कसा, कारण तुम्ही चुकीच्या ठिकाणी बघताय. ‘राग आला की नाही’ हे मोजू नका. तो येणार. मोजायचं ते हे की तो आला हे तुम्हाला कधी कळलं. सुरुवातीला रात्री अंथरुणावर कळतं, ‘आज उगाच ओरडलो’. मग काही आठवड्यांनी ओरडून झाल्यावर पाच मिनिटांत कळू लागतं. त्यानंतरची पायरी विचित्र असते: ओरडता-ओरडता कळतं, स्वतःचा आवाज कानावर येतो, आणि तरीही थांबता येत नाही. फार लाज वाटते त्या दिवसांत. शेवटी कधीतरी तोंड उघडायच्या आधी कळतं, पोटात किंवा छातीत किंवा मानेच्या मागे काहीतरी आवळल्यासारखं होतं तिथेच. प्रत्येकाची जागा वेगळी. तुमची कुठली ते शोधा. माझी उजव्या खांद्यात आहे.

या क्रमात एक फसगत आहे. जसजसं लवकर कळायला लागतं तसतसा आपला राग वाढलाय असं वाटायला लागतं. पूर्वी दिवसातून एकदा रागावतो असं वाटायचं, आता आठदा. आठ पूर्वीही होते, सात दिसत नव्हते. तुमच्या प्रश्नात ‘उलट हल्ली जास्तच चिडचिड जाणवते’ असं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. मला ते सगळ्यात आशादायक वाटलं. तुम्ही पहिल्या पायरीवर नाही, बहुधा दुसरी ओलांडून तिसरीकडे निघालाय. बरेच लोक नेमके इथे वर्ग सोडतात.

मन पाच श्वास टिकत नाही, त्याबद्दल फार लिहीत नाही. कोणाचंच टिकत नाही. मन गेलं हे कळणं आणि त्याला परत आणणं, हीच त्या व्यायामातली एक जोर-बैठक. दहा मिनिटांत चाळीसदा परत आणलंत तर चाळीस बैठका झाल्या. फक्त परत आणताना स्वतःवर वैतागू नका, नाहीतर चाळीसदा वैतागण्याचा सराव होतो.

आता खंडाबद्दल. इथे मात्र तुमचं खरंच चुकतंय. आजारपणातले दहा दिवस गेले, त्याला इलाज नव्हता. पुढचे दहा तुम्ही स्वतःला शिक्षा म्हणून घालवलेत. पतंजलींनी अभ्यास पक्का कसा होतो ते एका सूत्रात सांगितलंय: स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः. दीर्घ काळ, खंड न पाडता, आणि सत्काराने म्हणजे आदराने केलेला अभ्यास दृढ होतो. शिकवताना पहिले दोन शब्द ठासून सांगितले जातात, तिसरा घाईत उरकतात. पण आदर नसेल तर पहिले दोन टिकत नाहीत. स्वतःला हिणवत, ओढत, हजेरी लावल्यासारखा केलेला अभ्यास पहिल्या खड्ड्यातच मोडतो.

आणि एखादा दिवस चुकल्याने सगळं धुऊन जात नाही याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ लोकांना रोज एकच साधी कृती ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली, आणि ती आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात ते पाहिलं. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पसारा केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय’ वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या. आणि तो अभ्यास साध्या सवयींचा होता, स्वभावाचा नव्हे. ‘किती दिवस’ याला माझं उत्तर म्हणूनच दोन तुकड्यांत आहे: दाराशी थांबण्याची सवय जडायला दोन-तीन महिने धरा. तुमच्या घरातलं वातावरण पालटायला वर्ष-दोन वर्षं, आणि ते कुठल्या दिवशी पालटलं हे तुम्हाला सांगता येणार नाही.

खंडावरचा माझा उपाय म्हणजे पडत्या दिवसाचा योग. चांगल्या दिवशी काय करायचं ते कोणीही ठरवतं. वाईटातल्या वाईट दिवशी, ताप उतरत असताना, उशिरा परतल्यावर, मन अजिबात नसताना काय करायचं ते आधी ठरवून ठेवा आणि ते इतकं लहान ठेवा की नाही म्हणायला लाज वाटावी. माझं असं आहे: ताडासनात उभं राहून हात वर, पाच श्वास. मग मार्जारासन, पाठ वर आणि खाली, श्वासाबरोबर आठ वेळा. पाठीवर पडून दोन्ही गुडघे छातीशी, मग एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला वळवून पाच-पाच श्वास. तीन मिनिटं शवासन. सगळं मिळून सात मिनिटं होतात. यातून लवचिकता फारशी वाढत नाही, त्यासाठी ते नाहीच. धागा हातातून सुटू नये म्हणून ते आहे. तुमचे दुसरे दहा दिवस या सात मिनिटांनी वाचले असते.

उलट टोकही असतं आणि मी स्वतः तिथे जाऊन आपटलेय. शिकवायला लागून चौथं-पाचवं वर्ष असेल. एकही दिवस चुकवायचा नाही, आसनांचा क्रम बदलायचा नाही, असा हट्ट. बसताना मांडीच्या मागे, अगदी बैठकीच्या हाडाशी, बारीक दुखायला लागलं. तिथला ताण म्हणजे प्रगती असं मला वाटायचं, म्हणून पुढे वाकणं आणखी वाढवलं. कंडरेची दुखापत होती ती. ताणून बरी होत नाही, ताणल्यानेच चिघळते. वर्षभर नीट बसता येत नव्हतं. त्या काळात हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातला एक श्लोक नव्याने कळला, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींची यादी आहे त्यात: अति खाणं, अति श्रम, वायफळ बडबड, लोकांची अति संगत, चंचलपणा, आणि यांच्याच रांगेत नियमाग्रह. टीकाकार त्याचा अर्थ वेगवेगळा लावतात, पण नियमाला आंधळेपणाने चिकटणं हा अर्थ मला तरी माझ्या हाडापाशी कळला. स्नायूच्या मधोमध जाणवणारा, श्वासाबरोबर सैलावणारा ताण चालतो. सांध्याजवळ, हाडाजवळ, टोचणारं किंवा मुंग्या आणणारं काही असेल तर त्याच क्षणी मागे यायचं, मग गुरू समोर उभे असोत की नसोत.

झोपेचं. सकाळच्या तासाने रात्रीचं दळण थांबेल ही अपेक्षा जरा जास्त आहे. झोपण्याआधी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत. उद्याची कामं कागदावर उतरवायची, डोक्यात नाही. मग पाठीवर पडून, एक हात पोटावर, तीच चार-सहाची मोजणी दहा मिनिटं, किंवा आवडत असेल तर बसून भ्रामरीची सात-आठ आवर्तनं. गुंजन करताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजायची कटकट नाही. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर अंथरुणावर तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात बसा आणि पेंग आली की परत जा. आणि वर्गात शवासन पूर्ण करता का, की दोन मिनिटं आधी निघता? चार महिन्यांत रोज दोन मिनिटं आधी निघणारा माणूस निघण्याचाच सराव करत असतो.

काही गोष्टी मला तुमच्याबद्दल माहीत नाहीत, म्हणून सावधगिरी. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं आणि जोरकस कपालभाती, भस्त्रिका, लांब कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं टाळा. कण्यातली चकती सरकलेली असेल तर पुढे वाकणं डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचारूनच. चार-सहाची मोजणी करताना दम कोंडल्यासारखा वाटला तर तीन आत, चार बाहेर करा, हट्ट नको. आणि हे महत्त्वाचं: डोळे मिटून बसल्यावर शांत वाटण्याऐवजी जुन्या भयंकर आठवणी उसळत असतील, छाती धडधडत असेल, तर डोळे उघडे ठेवा, उभ्याने किंवा चालत सराव करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झोप आणि उदासी आठवडेच्या आठवडे तशीच असेल तरीही भेटा. योग त्या उपचाराच्या जोडीने चालतो, त्याच्या जागी नाही.

तुम्ही वर्ग बदलू का असंही विचारलंय. नको. आसनांचा तासही वाढवू नका, हवं तर तीन दिवसांवर आणा. पुढचे दोन महिने फक्त दाराचा सांधा आणि पडत्या दिवसाची सात मिनिटं. तो सांधा विसरायला होईल, आत शिरल्यावर आठवेल. तेव्हा हरकत नाही, बूट काढता-काढता तीन श्वास घ्या. आठवलं हेच मोलाचं. सांधा अंगवळणी पडला की दुसरा घ्या, मी फोन उचलण्याआधीचा सुचवेन: तिसऱ्या रिंगपर्यंत थांबायचं.

आणि घरच्यांना ‘मी बदललोय का’ असं विचारू नका. ते इतकी वर्षं तुमच्या जुन्या आवाजाला सरावलेत, तुम्ही शांत राहिलात तरी काही काळ ते आधीच दबकून बसतील किंवा आधीच हुज्जत घालतील. त्यांच्याही मज्जासंस्थेला ‘पुढे धोका नाही’ हे पटायला वेळ लागणार. मी दाराशी थांबायला लागून दीड-दोन वर्षं झाली असतील तेव्हा माझ्या मुलाने पहिल्यांदा त्याचा विषय काढला. मला वाटलं, आता हा काहीतरी छान बोलणार. तो म्हणाला, “आई, तुला रोज किल्ली सापडत नाही का?”